गॉथम: बॅटमॅन नसलेली बॅटमॅनची सिरीयल

मागच्या महिन्यात ताप आला म्हणून चार दिवस घरी पडून होतो, काही नवीन बघायची ताकद नव्हती म्हणून गॉथम परत लावली. आधी एकदा बघितलेली, पण तेव्हा मध्येमध्ये सोडत सोडत. ह्यावेळी ताप गेला तरी सिरीयल सुटली नाही, पाचही सीझन संपवले, शंभर एपिसोड, एकेक पाऊण तासाचा, म्हणजे हिशोब तुम्हीच करा आणि बायकोला सांगू नका.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही 2014 ते 2019 फॉक्स चॅनेलवर होती. गॉथम शहरातली, बॅटमॅनच्या आधीची गोष्ट. ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, अजून शाळकरी पोरगा आहे, पहिल्याच एपिसोडला त्याचे आईबाप गल्लीत मारले जातात आणि केस येते जिम गॉर्डन नावाच्या नवीन डिटेक्टिव्हकडे. तो गॉर्डन, जो पुढे कमिशनर होणार. खरं तर गॉर्डन हे निवडायला एकदम बरोबर पात्र आहे, कारण 1939 ला डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या 27व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा आला ना, त्याच गोष्टीत गॉर्डनपण होता, म्हणजे दोघं एकाच वयाचे.

(इथून पुढे स्पॉयलर आहेत, पण सिरीयल संपून इतकी वर्षं झाली की आता तक्रार करू नका.)

माझा मावसभाऊ आहे, कॉमिक्सचा भक्त. त्याचं मत एका वाक्यात, "टाकाऊ". त्याचं म्हणणं की शेवट सगळ्यांना माहितीये, गॉर्डन मरणार नाही, ब्रूस बॅटमॅन होणार, मग बघायचं काय? मला हे अजिबात पटत नाही. अरे आपण सीता स्वयंवराचं कीर्तन ऐकायला बसतो तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे काय माहीत नसतं का? माहीत असतं, तरी बुवा ते कसं रंगवतात ह्यासाठी बसतो. शेवट माहीत असणं हा प्रॉब्लेम नाहीचे. प्रॉब्लेम हा आहे की गॉथमवाल्यांना धीर नाही. बुवांनी पूर्वरंगातच रावण, कुंभकर्ण, इंद्रजित सगळे आणून उभे केले तर उत्तररंगात काय करणार? तसं झालंय इथे.

म्हणजे बघा, पहिल्या एपिसोडमध्येच पेंग्विन, रिडलर, कॅटवूमन, पॉयझन आयव्ही, म्हणजे बॅटमॅनचे पुढचे दुश्मन, सगळ्यांची हजेरी लागते. पुढे स्केअरक्रो, मिस्टर फ्रीझ, फायरफ्लाय, मॅड हॅटर, ह्युगो स्ट्रेंज, रास अल गुल, बेन, कोणी म्हणून राहिलं नाही. आणि ब्रूस अजून मिसरूड फुटायची वाट बघतोय! मग तो बॅटमॅन होईपर्यंत हे सगळे पन्नाशीला टेकणार आणि तो काय गुडघे दुखणाऱ्या काकांना मारणार का? शिवाय गॉर्डन आणि त्याच्या पोलिसांनी हे सगळे एकदा हरवून झालेच आहेत की, मग बॅटमॅन हवाय कशाला. मावसभावाचा हा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही.

पहिला सीझन मला सगळ्यात कंटाळवाणा वाटला, दोन्ही वेळेला. त्यांना ठरवता येत नव्हतं की ही पोलिसांची सिरीयल आहे का कॉमिक्सची. दर आठवड्याला एक केस, एक विचित्र खुनी, शेवटी अटक. एक जण भ्रष्ट लोकांना बेड्यांनी हवामानाच्या मोठ्या फुग्याला अडकवून आकाशात सोडून देतो. हे इतक्या गंभीर चेहऱ्याने दाखवलंय की हसावं का घाबरावं कळत नाही. ब्रूनो हेलर हा ज्याने सिरीयल बनवली तो आधी द मेंटलिस्ट ही दर आठवड्याला एक केसवाली सिरीयल करत होता, त्या साच्याची सवय दिसते. गॉर्डन झालेला बेन मॅकेन्झी सगळ्या सीझनभर जबडा आवळून बोलतो, त्याला बिचाऱ्याला विनोदाचं एक वाक्य मिळत नाही, ती सगळी त्याचा पार्टनर बुलक खाऊन जातो. डोनल लोगने काय काम केलंय बुलकचं! कळकट हॅट, दाढी, लाच खाऊन खाऊन मन मेलेलं, पण आतून चांगला माणूस. असा एक हवालदार प्रत्येक चौकीत असतो असं वाटतं.

पण मग दुसऱ्या सीझनला त्यांनी लाज सोडली आणि सिरीयल सुधारली. खरंच. गंभीरपणाचं नाटक बंद केलं, मोठमोठे डायलॉग, भडक कपडे, मेलेली माणसं परत जिवंत. आपल्याकडच्या डेली सोपमध्ये मेलेला नवरा प्लास्टिक सर्जरी करून परत येतो ना, त्याच्या चार पावलं पुढे. जेरोमचंच घ्या, बॅटमॅनचा सगळ्यात मोठा दुश्मन जोकर, त्याच्याच धर्तीवरचं पात्र. कॅमेरॉन मोनाहनने केलाय. पहिल्या सीझनला सर्कशीतला एक रडका पोरगा म्हणून येतो, चौकशीत रडता रडता अचानक हसायला लागतो आणि अंगावर काटा येतो. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला मेला. तिसऱ्यात परत आला, मध्ये कोणीतरी त्याच्या चेहऱ्याची कातडी काढून नेलेली, ती हा स्टेपलरने परत लावून फिरतो. चौथ्यात परत मेला, तर त्याचा जुळा भाऊ निघाला!! आणि एवढं सगळं करून जोकर हा शब्द काही वापरायचा नाही, ती मजा वेगळीच. लग्नात नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या नवरीसारखं चाललंय सगळं.

पण मी ही सिरीयल दोनदा का बघितली ह्याचं खरं उत्तर पेंग्विन. रॉबिन लॉर्ड टेलर. पहिल्या एपिसोडला तो फिश मूनी नावाच्या बाईची छत्री धरणारा नोकर असतो. ही फिश कॉमिक्समध्ये नव्हतीच, सिरीयलसाठी बनवली, जेडा पिंकेट स्मिथने केलीये आणि जाम ठसक्यात केलीये. ती त्याचा पाय फोडते आणि तिथून त्याची ती पेंग्विनसारखी चाल येते. गॉर्डनला हुकूम होतो ह्याला धक्क्यावर नेऊन गोळी घाल. गॉर्डन गोळी बाजूने मारतो आणि त्याला पाण्यात ढकलतो. मग हा माणूस त्याच पाण्यातून वर येऊन एकेकाला खात, एकेकाचे पाय चाटत, कधी गँगचा डॉन होतो, कधी शहराचा महापौर. मला वाटतं त्याचं असं छान जमलं कारण त्याच्यावर कोणाचं लक्ष नव्हतं. गॉर्डनला कमिशनर व्हायचंच आहे, ब्रूसला बॅटमॅन व्हायचंच आहे, त्यांची कुंडली छापून झालेली. गॉर्डन एका माणसाला सरळ गोळी घालून मारतो, गॅलव्हन नावाच्या व्हिलनला, स्वतः पोलीस असून, आणि तरी शेवटी त्याला सभ्य कमिशनरच्या खुर्चीत बसवायचं म्हणून ते सगळं हळूच सतरंजीखाली. पेंग्विनला ती अडचण नाही. तो वाट्टेल तिकडे जाऊ शकतो.

आणि त्याची आई! कॅरोल केन. आमची आई स्वयंपाकघरातून येताजाता बघायची, तिला इंग्रजी फार कळत नाही, पण ती म्हातारी एवढ्या मोठ्या घोड्याला टबात बसवून आंघोळ घालते तो सीन बघून खुर्ची ओढून बसलीच. "हा मेला गुंड आहे ना? मग एवढा आईवेडा कसा?" म्हणे. तिला बाकी कोणाचं नाव माहीत नाही, फक्त "तो छत्रीवाला". दुसऱ्या सीझनला ती म्हातारी मुलाच्या डोळ्यांसमोर मरते, त्या दिवशी आई उठून गेली ती परत बसली नाही.

पेंग्विन आणि निग्मा, म्हणजे होणारा रिडलर, ह्यांचं प्रकरण तर वेगळा लेख होईल. पेंग्विन निग्माच्या प्रेमात पडतो, सरळ प्रेमातच, आणि मत्सरात त्याच्या मैत्रिणीला मारतो. निग्माला कळतं, तो ह्याला नेऊन गोळी घालतो आणि पाण्यात टाकतो. कुठे? त्याच धक्क्यावर. मग सीझनच्या शेवटी पेंग्विन परत येतो आणि निग्माला तिथेच बर्फात गोठवतो आणि आपल्या क्लबात मधोमध शोपीस म्हणून उभा करतो. मावसभाऊ म्हणतो हे कॉमिक्समध्ये कुठे आहे? नाहीये रे बाबा, म्हणूनच तर चांगलं आहे.

शहराबद्दल पण सांगायला पाहिजे. शूटिंग न्यूयॉर्कमध्ये, पण गाड्या जुन्या, फोन घडीचे, काळ कुठला ते कळतच नाही आणि कळू देत नाहीत. सतत पाऊस पडून गेल्यासारखे रस्ते. ह्या एका गोष्टीवर मावसभाऊ पण गप्प बसतो.

ब्रूसच्या घरचा बटलर आल्फ्रेड आवडला. शॉन पर्टवीचा आल्फ्रेड चहा घेऊन येणारा म्हातारा नाही, माजी सैनिक आहे. शाळेतला एक पोरगा ब्रूसला छळतो तर हा ब्रूसला त्याच्या बापाचं घड्याळ देतो, त्या पोराच्या दारात नेऊन उभा करतो, आणि ब्रूस ते घड्याळ मुठीवर चढवून त्याला ठोकतो. पालक म्हणून काय बोलणार, पण सीन भारी.

पाचवा सीझन बाराच एपिसोडचा, पूल उडवलेत, शहर तोडलंय, सगळं धावतपळत गुंडाळलंय. शेवटच्या एपिसोडला दहा वर्षं पुढे जातात आणि बॅटमॅन दिसतो, म्हणजे आधी सावली, मग पाठ, मग एकदम शेवटी छतावर उभा, बस्स. शंभर एपिसोड थांबल्यावर. मावसभाऊ ह्याच्यावरून अजून चिडलेला आहे. मला उलट त्याच एपिसोडमधलं दुसरंच लक्षात राहिलं. पेंग्विन तुरुंगातून सुटून येतो, आता जाडा झालाय, टॉप हॅट, एका डोळ्याला भिंग, कॉमिक्समधला अगदी तस्सा. इतका तस्सा की मला जरा वाईटच वाटलं.