कोण कुठे हसलं

५ मार्च २०१०ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा ऑपेरा ‘द नोज’, म्हणजे ‘नाक’, लागला. या संस्थेत तो पहिल्यांदाच होत होता. मी तेव्हा तिथे डोअरकीपर होते. त्या रात्री माझी ड्युटी फॅमिली सर्कलच्या दाराशी, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर होती.

आम्हा सगळ्यांनाच थोडी धास्ती होती. आदल्या सप्टेंबरात हंगाम उघडला तो ‘टोस्का’च्या नव्या मांडणीने, आणि शेवटी दिग्दर्शकाची मंडळी नमस्काराला आली तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची सरळ हुर्यो उडवली होती. लाडक्या ऑपेराला ही वागणूक मिळाली, तर पावात नाक सापडण्याच्या गोष्टीचं काय होणार? गोष्ट रशियन लेखक गोगोलची, १८३६ सालची. पीटर्सबर्गच्या न्हाव्याला सकाळी पावात एक नाक सापडतं. ते कोवाल्योव नावाच्या अधिकाऱ्याचं असतं. कोवाल्योव आपलं नाक शोधत कझान कॅथीड्रलमध्ये पोचतो, तर नाक त्याच्यापेक्षा वरच्या हुद्द्याचा गणवेश घालून प्रार्थना करत असतं आणि त्याला ओळखच दाखवत नाही. शोस्ताकोविचने यावर ऑपेरा लिहिला तेव्हा तो जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा होता.

तिकिटं तपासतानाच लक्षात आलं, आज गर्दी नेहमीची नाही. दिग्दर्शक विल्यम केंट्रिज हा दक्षिण आफ्रिकेचा चित्रकार. त्याच महिन्यात मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन चालू होतं, त्यामुळे चित्रकलेचे विद्यार्थी झुंडीने आले होते. कोवाल्योवची भूमिका गाणारा पाउलो शॉट शेजारच्याच थिएटरातल्या ‘साउथ पॅसिफिक’ या संगीतिकेमुळे लाडका झालेला, त्याच्यासाठी आलेल्या बायका वेगळ्या. वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर बसणारे जुने वर्गणीदार होतेच. आणि रशियन बोलणारी खूप माणसं, बहुतेक वयस्क, नीटनेटके कोट घालून आलेली.

या प्रयोगाला मध्यंतर नव्हतं आणि एकदा दिवे गेले की उशिरा येणाऱ्याला आत सोडायचं नाही असा नियम. झुंबरं छताकडे वर सरकली आणि मी दार लावून आत भिंतीशी उभी राहिले.

दुसऱ्या प्रवेशानंतर गाणं थांबतं आणि नुसती तालवाद्यं वाजू लागतात. ना सूर, ना शब्द, बराच वेळ फक्त आघात. सभागृहात चुळबुळ झाली. शॉटसाठी आलेली एक बाई मागे वळून माझ्याकडे बघायला लागली, जणू काही बिघडलंय आणि मी खाली कळवायला हवं. विद्यार्थी मात्र खुर्चीच्या कडेवर आले होते. मला स्वतःला तो भाग अंगावर काटा आणणारा वाटला, आजही वाटतो. नंतर कोवाल्योव जागा होतो तो घोरत, जांभया देत, खाकरत, आणि वाद्यवृंद तेच आवाज काढतो. तिथे पहिलं मोठं हसू आलं आणि ताण सुटला.

मग जे घडलं ते मी पूर्वी कुठल्याच प्रयोगाला अनुभवलं नव्हतं. हसू दोन लाटांत येऊ लागलं. रशियन कळणारे आधी हसत, मग समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचं भाषांतर वाचून उरलेले. पडद्यावर केंट्रिजचं नाक बारीक पायांवर धावत होतं, घोड्यावर बसत होतं, बॅले नर्तकीच्या धडावर डोकं होऊन नाचत होतं. त्याला विद्यार्थी मनापासून दाद देत. वयस्क रशियन मंडळींचं हसू मात्र वर्तमानपत्राच्या कचेरीत फुटलं. कोवाल्योव नाक हरवल्याची जाहिरात द्यायला जातो. कारकून म्हणतो, अशी जाहिरात छापली तर आमच्या पत्राची अब्रू जाईल. वर सहानुभूती म्हणून तपकिरीची डबी पुढे करतो. मजल्याच्या एका कोपऱ्यात माणसं डोळे पुसत हसत होती आणि बाकीचे त्यांच्याकडे वळून बघत होते.

तिसऱ्या अंकात नाक पळून जाताना पकडलं जातं. पोलीस आणि जमाव मिळून ते पूर्ववत लहान होईपर्यंत त्याला झोडपतात. खालून वरपर्यंत हशा झाला, आणि तो कोपरा एकदम गप्प.

दोघं-तिघं मधूनच निघून गेले. एका वर्गणीदाराने जाताना मला ऐकवलं, ‘इथे आम्ही गाणं ऐकायला येतो.’ त्याचं मला पटलं नाही, पण राग खरा होता. तो नुसता कंटाळून उठला नव्हता. शेवटी केंट्रिज रंगमंचावर आला तेव्हा मी कान टवकारले. हुर्योचा एकही सूर माझ्यापर्यंत आला नाही. टाळ्या आणि ‘ब्राव्हो’चा नुसता गजर. मला वाटतं, ‘टोस्का’ लोकांच्या मनात आधीच पक्का बसलेला असतो आणि नवी मांडणी त्यावर घाला घालते. ‘द नोज’ बहुतेकांनी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे ते मोकळ्या मनाने आले.

जिन्यात त्या कोपऱ्यातलं एक जोडपं दम खायला थांबलं होतं. आजोबांनी विचारलं, ‘तुम्हाला आवडलं का?’ मी म्हटलं, फार. आणि धीर करून विचारलं, नाक मार खात होतं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. ते म्हणाले, ‘सत्तरच्या दशकात मॉस्कोत हेच पाहिलं होतं, तळघरातल्या छोट्या थिएटरात. तिथे नाकाला मारणारे आमच्यापासून हातभर अंतरावर होते.’ १९३०मध्ये लेनिनग्राडला झालेल्या पहिल्या मांडणीवर टीकेचा भडिमार झाला, सोळा प्रयोगांनंतर ती बंद पडली, आणि सोव्हिएत रंगभूमीवर ‘द नोज’ परत आला तो थेट १९७४मध्ये त्या तळघरात. तालमींना आजारी शोस्ताकोविच स्वतः येऊन बसत असे. हे मी नंतर वाचलं.

‘आणि कचेरीत एवढं का हसलात?’ उत्तर आजींनी दिलं. देश सोडायच्या परवानगीसाठी त्यांनी कुठल्याशा कचेरीत खेटे घातले होते. ‘समोरची बाई कधी ओरडली नाही हो. दर वेळी नाही म्हणायची आणि चहा विचारायची.’

माझ्या मागे दोन विद्यार्थी उभे राहून ऐकत होते. त्यातल्या एकाने आजोबांना विचारलं, तळघरात नाक कसं दाखवलं होतं? आजोबा पायरीवर बसले आणि हातवारे करून सांगायला लागले. जिना मोकळा करायचं काम माझं होतं. मी उरलेल्यांना पलीकडच्या बाजूने उतरवलं.

२०१३च्या शरदात हीच मांडणी परत आली. ड्युटीचा कागद लागायच्या आधीच मी जाऊन सांगितलं, मला फॅमिली सर्कल द्या.