‘ओळख’ या एका शब्दाने खाल्लेले चार महिने

एमएच्या प्रबंधासाठी मला एवढंच मोजायचं होतं: आमच्या तालुक्यातल्या आया आणि पुण्यात शिकणाऱ्या त्यांच्या मुली, यांच्यात ‘मी’ जड की ‘आपण’ जड. त्यासाठी मोजपट्टी तयार आहे. ट्रायंडिस आणि गेलफंड या मानसशास्त्रज्ञांची, १९९८ सालची. १६ विधानं, प्रत्येकापुढे १ ते ९ आकडे; १ म्हणजे ठाम नकार, ९ म्हणजे ठाम होकार. विषय मंजूर झाला, मॅडम मिळाल्या, घरं ठरली. हे सगळं पंधरा दिवसांत उरकलं. गाडी रुतली ती भाषांतरात.

नियम तसा रास्त आहे. ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत सगळे वापरतात: एकाने इंग्रजीचं मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडायची. मराठी मी केलं. उलट भाषांतर इंग्रजी शिकवणाऱ्या एका सरांनी केलं.

एका मूळ विधानात ‘आयडेंटिटी’ आहे. मी लिहिलं होतं, ‘इतरांवर अवलंबून नसलेली माझी स्वतःची ओळख मला फार महत्त्वाची वाटते.’ सरांच्या इंग्रजीचा अर्थ निघत होता, ‘दुसऱ्याच्या मध्यस्थीशिवाय माझ्या स्वतःच्या ओळखी असणं फार महत्त्वाचं.’ आधी हसले, मग घाम फुटला. सरांचं चुकलं कुठे? दाखला काढायला निघालेल्या माणसाला आपण पहिलं काय विचारतो? ‘तिथे कुणाची ओळख आहे का?’ मग ‘अस्मिता’ घालून बघितलं, तर डोळ्यांपुढे मोर्चाच येतो. ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणावं तर भलतीच गोष्ट. दुसऱ्या एका विधानातलं ‘माझ्या गटाचे निर्णय’ वाचून तर शेजारच्या काकूंनी सरळ बचत गटाच्या कर्जाचं सांगायला सुरुवात केली.

शेवटी शब्दाचा नाद सोडला आणि वाक्यच फिरवलं: ‘मी कोण आहे हे इतरांवरून ठरू नये, असं मला फार वाटतं.’ सरांकडून परत आलं ते मूळच्या बरंच जवळ होतं. मी खूश.

माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी खूश नव्हती. म्हणजे वाक्यं त्यांनी वाचलीच नाहीत. फॉर्ममध्ये रकाना होता, ‘अधिकृत भाषांतरकाराचे प्रमाणपत्र, शिक्क्यासह’. सरांकडे शिक्का नाही. कमिटी दोन महिन्यांतून एकदा बसते, फाइल परत. (तारखा आधीच विचारून भिंतीवर लावून ठेवा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.) शिक्केवाले भाषांतरकार सापडले, ते खरेदीखतं आणि जन्मदाखले करतात. त्यांनी पानामागे पैसे घेतले आणि ‘माझ्या गटा’चा राजकीय पक्ष करून दिला. तो मी दुरुस्त करून घेतला, तर दुरुस्तीच्या पानावर सही होती, शिक्का नव्हता. पुन्हा परत. आणखी दोन महिने. या चार महिन्यांत ‘ओळख’चं काय केलंस, असं एकाही माणसाने विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तरी मी गप्प बसले असते.

तिसऱ्या वेळेचा शिक्का कसा मिळाला ते सांगते. मामांची ओळख निघाली.

एक राहिलंच. कमिटीकडे जायच्या आधी आठ-दहा जणींना विधानं वाचून दाखवा, आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं’ एवढंच विचारा. प्रमाणपत्रापेक्षा ते कामाचं आहे. आणि नऊ आकडे तोंडी सांगू नका. नऊ चौकोन काढून पुढे ठेवा, नाहीतर ‘समद्याला नऊच लिही’ असं ऐकावं लागेल.

पूर्वी मला हॉफस्टेड या देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या संशोधकाचे आकडे पाठ होते: व्यक्तिवादात अमेरिका ९१, भारत ४८. ते मूळ आयबीएमच्या कर्मचाऱ्यांनी १९६७ ते १९७३ या काळात भरलेल्या प्रश्नावल्यांतून आले, आणि देशाचा आकडा एकेका माणसाला चिकटवू नका असं ते स्वतःच बजावत. मी मात्र वर्गात तेच करायचे.

घरोघरी गेल्यावर आणखी एक गंमत. कुटुंबाने एकत्र राहावं, या विधानाला एका मुलीने ९ दिले, आईने ५. मुलगी स्वतःला फ्लॅटमधल्या मैत्रिणींशी ताडून बघत होती. आई म्हणाली, ‘आमचं कसलं एकत्र? सासूबाईंच्या वेळी बघायला हवं होतंस.’ प्रत्येक जण स्वतःला आपापल्या आसपासच्या माणसांशी ताडून आकडा देतो, या घोळाला ‘संदर्भ गट परिणाम’ म्हणतात. हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यावर लिहिलंय. मी तो परीक्षेत पाच मार्कांना लिहिला होता, ओसरीवर बसून पहिल्यांदा बघितला.

त्याच बाईंना मी माझं फिरवलेलं वाक्य वाचून दाखवलं. मी कोण हे इतरांवरून ठरू नये.

‘इतर म्हंजे कोण गं? घरातले का बाहेरचे?’

मोजपट्टीत अशी सोय नाही, आणि नियमाने मी उत्तर सुचवायचं नव्हतं. तरी म्हटलं, बाहेरचे धरा. त्यांनी आठव्या चौकोनावर बोट ठेवलं.

‘आणि घरातले धरले तर?’

बोट सरकत सरकत दोनवर आलं.