उलट्या बाजूनं

आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी रात्री सिनेमा असतो. असतो टीव्हीवरच, पण नियम थिएटरपेक्षा कडक. ज्याची पाळी त्यानं आपला आवडता सिनेमा लावायचा, बाकीच्यांनी शेवटपर्यंत बसायचं, आणि सगळे मोबाइल स्वयंपाकघरातल्या पितळी परातीत. ही परात माझ्या आजेसासूबाईंची. एखादा फोन थरथरला की सगळी परात घणघणते आणि ज्याचा फोन त्याचा चेहरा पडतो. त्यामुळे आता लोक फोन बंद करूनच येतात.

लोक म्हणजे तरी किती? बँकेतली माझी मैत्रीण, तिचे अहो (नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, नोटा छापण्यात आयुष्य गेलं आणि खिशात कधी सुट्टे नसतात), माझा भाचा, मी, आणि सासूबाई. सासूबाईंना कुणी बोलावलेलं नसतं, त्या आरामखुर्चीत आधीपासूनच असतात. आमचे हे चिवड्यावर कांदा-लिंबू करून देतात, ‘चला, बघू तरी’ म्हणतात आणि पंधराव्या मिनिटाला घोरायला लागतात. नाशिकची थंडी, अंगावर गोधडी, समोर भुताचा सिनेमा आणि मागून घोरणं. आवाजाचा एवढा खर्च कुठल्या निर्मात्याला परवडणार?

आपला आवडता सिनेमा दुसऱ्याला दाखवणं हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. दाखवणारा सिनेमा बघतच नाही, तो पाहुण्यांची तोंडं बघतो. आता हसतील, आता दचकतील, म्हणून आपण आधीच श्वास रोखून धरतो, आणि नेमका त्याच क्षणी पाहुण्यांतला एकजण वाटीतला शेवटचा शेंगदाणा शोधत असतो. संपल्यावर ‘छान होता, जरा लांबला’ असं म्हणतात. मुलीकडच्यांना ‘कळवतो’ म्हणतात, तसंच ते.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी १९४९चा ‘महल’ लावला होता. पडणारा पाऊस, रिकामी हवेली, हलणारं झुंबर, झोक्यावरची मधुबाला. मैत्रिणीनं माझा हात धरला. मी मनातल्या मनात म्हटलं, जमलं! तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला, ‘‘ती माळ्याची पोरगी आहे गं. भूतबीत काही नाही.’’

अडीच तासांचं रहस्य विसाव्या मिनिटाला संपलं. माझा चेहरा बघून सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, शाळेत असताना मॅटिनीला पाहिलाय मी, थोरल्या भावाबरोबर. मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल.’’ वर ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या ओळी त्यांनी अशा म्हटल्या की भाचाही गप्प बसला. वय चौऱ्याऐंशी, आवाजात कंप, पण सूर जागेवर.

मग मला माझं ज्ञान पाजळायला जागा मिळाली. ते गाणं लांबून येतंय असं वाटावं म्हणून लताबाई गाता गाता खोलीच्या कोपऱ्यातून माइककडे चालत आल्या होत्या. आवाज लहान-मोठा करायची यंत्रं असली तर असतील, पण इथे पायांनीच काम केलं. आणि रेकॉर्डवर नाव छापलं गायिकेचं नाही, सिनेमातल्या पात्राचं, कामिनी! रेडिओवर गाणं लागल्यावर लोक पत्रं पाठवून विचारायचे, ही कामिनी कोण? म्हणजे त्या सिनेमात खरं भूत कोण असेल, तर ती गाणारी. दिसत नाही, नाव खोटं, आवाज मात्र सगळ्या देशात.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते मी कुणाशीही भांडून सांगते. आपल्याकडच्या जुन्या सिनेमातल्या भुताला गाता येणं ही पहिली अट. ‘बीस साल बाद’ घ्या, १९६२चा, पायाखाली वाळकी पानं वाजतात आणि लांबून लताबाई. ‘वह कौन थी’ घ्या, १९६४चा, पावसात पांढरी साडी आणि मदनमोहनची चाल. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ आहेच, १९७६चा. त्यातल्या ‘काजल रातीनं’चं काय करायचं सांगा. अंधारात एकटीनं ऐकलंत तर भीतीपेक्षा हुरहूरच जास्त वाटते. शेवटी कुणीतरी माणूसच निघतं, इस्टेटीसाठी नाहीतर सूड म्हणून सगळा बनाव केलेला. भूत नव्हतंच. प्रेक्षक घरी सुखरूप. पण गाणं मात्र मागे लागतं ते लागतंच, त्याला उतारा नाही.

रामसे बंधूंनी हा सगळा सभ्यपणा मोडीत काढला. सात भाऊ, घरचाच कारखाना, १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून सुरुवात. त्यांच्याकडे भूत म्हणजे भूतच, खुलासा मिळणार नाही.

१९८४चा ‘पुराना मंदिर’ आम्ही वाड्यात पाहिला. म्हणजे व्हीसीआरवर. आठ बिऱ्हाडांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणला होता. तो माणूस स्कूटरवर टीव्ही मांडीवर घेऊन मागे बसून आला आणि आम्ही पोरं कोपऱ्यापासून स्कूटरच्या मागे पळत आलो. तीन कॅसेटी. पहिली देवाची, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरी रडकी, आयांसाठी. बारानंतर तिसरी. म्हातारी माणसं झोपायला जातील हा हिशोब होता, पण एकही जागची हलली नाही. त्यातला सैतान सामरी पडद्यावर आला आणि चौकात असा सन्नाटा झाला की फक्त व्हीसीआरची घरघर ऐकू येत होती. त्या वाड्याचे संडास मागच्या अंगणात, टोकाला. त्या रात्री पहाट होईपर्यंत तिकडे कुणी फिरकलं नाही. मोठी माणसंसुद्धा. माझे एक काका कंदील शोधतोय म्हणून तासभर घरातच हिंडत होते.

पुढे कुठेतरी वाचलं की सामरी झालेले अजय अगरवाल शिकलेले इंजिनिअर, तेही रुरकीचे. हे कळल्यावर भीती गेली नाही, उलट आदर वाढला. आमच्या वाड्यात तेव्हा इंजिनिअर म्हटलं की बायका उठून पाणी आणायच्या.

भाच्याच्या पिढीचं प्रकरण वेगळं. तो प्रत्येक सिनेमाला ‘कल्ट’ म्हणतो. एकदा सासूबाईंनी विचारलं, ‘‘कल्ट म्हणजे काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘आजी, जो आला तेव्हा आपटला, पण काही लोकांनी तो सोडलाच नाही.’’ त्यानं १९८२च्या ‘द थिंग’चं उदाहरण दिलं. परग्रहावरच्या गोड पाहुण्याच्या ‘ई.टी.’नंतर दोनच आठवड्यांनी तो आला, लोकांना तेव्हा गोड पाहुणाच हवा होता, म्हणून हा पडला, आणि आता जगभर लोक त्याच्या नावानं जागरण करतात. मग ‘जाने भी दो यारो’, मग ‘अंदाज अपना अपना’. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘‘म्हणजे पडक्या देवळातला देव. पुजारी नाही, दिवाबत्ती नाही, पण ठरावीक माणसं न चुकता येतात.’’ भाच्यानं हे वाक्य लगेच लिहून घ्यायचं म्हटलं, पण फोन परातीत.

सासूबाईंचा स्वतःचा कल्ट वेगळाच निघाला. ‘जय संतोषी माँ’, १९७५. तो मुळीच आपटला नव्हता. लोक चपला काढून थिएटरात शिरायचे, आरतीच्या वेळी पडद्यावर पैसे उधळायचे. सासूबाई त्यानंतर कित्येक शुक्रवार आंबट खात नव्हत्या. आता सिनेमा बघून जेवणाचा नेम बदलायचा, याहून मोठा कल्ट कुठला? कल्टची आपली व्याख्या लंगडी आहे, असं भाच्यानंच कबूल केलं. कारण ‘अशी ही बनवाबनवी’ही काही पडलेला सिनेमा नाही. तरी आमच्याकडे दाराची बेल वाजली की आतून कुणीतरी धनंजय मान्यांची चौकशी करतंच, आणि दारातला कुरिअरवाला पण गंभीरपणे उत्तर देतो.

भाचा लहान असताना ‘झपाटलेला’ टीव्हीवर पाहून महिनाभर बाहुलीसमोर झोपायचा नाही. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पुढे २००६ साली त्याच प्रभावळकरांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी केले. थिएटरात बापूंनी तोंड उघडलं आणि हा दहा वर्षांचा पोरगा माझ्या कुशीत शिरला. सत्याग्रहाला इतका घाबरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याचा आजचा सगळ्यात आवडता ‘तुंबाड’. २०१८ला आला तेव्हा थिएटरात आम्ही धरून अकरा माणसं होतो. २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा तिकीट मिळेना. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला जास्त गल्ला झाला. मला त्यात मजा वेगळ्याच गोष्टीची वाटली. त्याचं मूळ नारायण धारपांच्या गोष्टीत आहे, आणि धारपांची पुस्तकं मी सार्वजनिक वाचनालयातून आणून पांघरुणात टॉर्च लावून वाचलेली. भाच्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘मावशी, तू एवढी कूल कधी होतीस?’’ होते बाबा. फक्त तेव्हा त्याला ‘वाया गेलेली’ म्हणत.

एवढं सगळं सांगायचं कारण मागच्या शनिवारचं भांडण. पाळी मैत्रिणीच्या अहोंची होती आणि त्यांनी १९७५चाच ‘दीवार’ लावला. मी सहज म्हणाले, ‘‘बच्चन उजव्या हातानं काय मारतो ना!’’ अहो चमकले. ‘‘उजव्या? अहो वहिनी, अमिताभ डावखुरा आहे. अख्ख्या देशाला माहीत आहे.’’ मलाही माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढचा ‘दीवार’ उजव्या हाताचा होता, अगदी ठाम. सिनेमा सुरू झाला आणि सगळं भलतंच. माणसं चुकीच्या बाजूनं येत होती, चुकीच्या बाजूला जात होती. कुणीतरी माझ्या घरातलं सामान हलवून ठेवल्यासारखं.

मध्यंतरात चहा उकळता उकळता उलगडा झाला. मी हा सिनेमा पंचवटीतल्या चौकात पाहिला होता, गणपतीत, आठ-नऊ वर्षांची असताना. दोन खांबांना पांढरा कपडा बांधायचे, सोळा एमएमचं मशीन लावायचे, आणि लोक कपड्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे. पुढच्या बाजूच्या जागा संध्याकाळपासूनच पोती आणि विटा ठेवून धरलेल्या. आणि तिकडे शिट्ट्या मारणारी पोरं असतात, म्हणून आजी आम्हा मुलींना मागच्या बाजूला बसवायची.

मागच्या बाजूला सगळंच उलटं. नावं उलटी, मोटारींचे नंबर उलटे, बायकांचे पदर उजव्या खांद्यावर. अख्खं गाव डावखुरं, आणि अमिताभ तेवढा उजवा! वारा आला की कपडा फुगायचा आणि शशी कपूर एकदम जाडा व्हायचा. बिल्ल्यावरचा ७८६ आकडा उलटा, आणि पोराच्या हातावर गोंदतात ती अक्षरंही उलटी. पुढच्या बाजूला बायका पदरानं डोळे पुसतायत आणि मला काय लिहिलंय तेच वाचता येईना. मी शेजारच्या काकूंना कोपरानं ढोसून विचारलं. त्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, ‘‘माझा बाप चोर आहे, असं लिहिलंय.’’ मला क्षणभर वाटलं, त्या स्वतःबद्दलच सांगतायत.

भाच्याला हे ऐकून फाळके आठवले. पांडवलेण्याच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात मी त्याला लहानपणी नेहमी न्यायची. त्याचं लक्ष तेव्हा सगळं कारंज्याकडे. दादासाहेबांचा जन्म इथलाच, त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ काढून ते मुंबई सोडून नाशिकला आले, ‘लंकादहन’ इथे केला, त्यात राम आणि सीता दोघांचंही काम एकट्या साळुंक्यांनी केलं. सिनेमात पडायच्या आधी दादासाहेब जादूचे प्रयोग करायचे, आणि त्या प्रयोगांसाठी नाव घेतलेलं प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा. ‘‘मावशी,’’ भाचा म्हणाला, ‘‘तू केळफांचा सिनेमा पाहिलायस.’’

अहो म्हणाले, मग उत्तरार्ध वहिनींच्या बाजूनं बघू. भाच्यानं लॅपटॉप जोडला, कुठली तरी दोन बटणं दाबली आणि चित्र आडवं उलटलं. मैत्रीण म्हणाली, चक्कर येतेय. अहो हसायला लागले. आणि मी? मला एकदम नीट दिसायला लागलं. माणसं जिकडून यायची तिकडून आली. बच्चननं उजवा हात उचलला. कपडा फुगण्याची मी उगाचच वाट पाहत होते.

‘‘फुकट अर्ध्यातून कशाला,’’ म्हणून भाच्यानं सिनेमा पहिल्यापासून लावला. हातावर गोंदायचा प्रसंग आला. सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला, खुर्चीत पुढे सरकल्या.

‘‘काय लिहिलंय गं त्याच्या हातावर?’’

मी पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं.