लंडनच्या भिंतीला गोणपाट

परवा साइटवरनं आण्णांना व्हिडिओ कॉल लावला, तर पहिलाच प्रश्न, "आरं, भिंतीला गोणपाट गुंडाळलंयस, थंडी वाजालीय व्हय तिला?" म्हटलं तसंच समजा. इथं नोव्हेंबर सुरू झालाय, पारा ५ अंशांच्या खाली गेला की चुना नीट धरत नाही, आणि दंव पडलं तर नुकताच भरलेला चुना भुगा होऊन गळतो, म्हणून गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक.

मी लंडनात ऑफिस इंटिरियरची कामं बघतो. इथं प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, पण कोल्हापुरात कुणी विचारलं तर "मुकादम आहे" म्हणतो, लगेच कळतं. सध्याची बिल्डिंग १७९० च्या आसपासची, म्हणजे आपला न्यू पॅलेस १८८४ ला पुरा झाला त्याच्याही नव्वदेक वर्षं आधीची. भाडेकरू फायनान्सवाले, त्यांना पाहिजेत काचेच्या मीटिंग रूम, एसी, कॉफी बार. आणि बिल्डिंग ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतली, त्यामुळं आतला जिना, शेकोटी, छताजवळची प्लास्टरची नक्षी, सगळं त्यात आलं. कौन्सिलच्या परवानगीशिवाय त्यात मोडतोड केली तर फौजदारी गुन्हा, २ वर्षांपर्यंत आत जाऊ शकता!

त्या नक्षीनं माझा घाम काढला. काचेचं पार्टिशन छताला भिडवायचं पण नक्षी कापायची नाही, म्हणजे काचच नक्षीच्या आकारात कापून आणायची. आणि ही टफन केलेली काच, एकदा भट्टीतनं निघाली की कापायला गेलं तर चुराच होतो. आम्ही पुठ्ठ्याचा साचा काढला, माप दिलं, आणि त्यानंतर सुतारानं खचलेली लाकडी जमीन पाचरी मारून वर उचलली. उचलणार हे मला माहीत होतं, तारखा बघितल्या नाहीत, चूक माझीच. काच आली ती १२ मिलिमीटर जास्त उंच. चार माणसं काच धरून उभी आणि मी आपला टेप परत परत लावतोय, जसं काय तिसऱ्यांदा माप कमी येणार होतं. नवीन काचेला ४ आठवडे. आपल्याकडं मालकानं चार शिव्या देऊन चहा पाजला असता, इथं दोन ओळींचं मेल, सुधारित तारीख कळवा.

आण्णांचं लक्ष मात्र भिंतीवर. मागं कधीतरी कुणीतरी विटांच्या सांध्यांत सिमेंट भरलेलं. वीट मऊ, सिमेंट कडक, सांध्यातनं सुकून जाणारी ओल मग विटेतनंच निघायला लागली, हिवाळ्यात गोठली आणि विटांची तोंडं पापुद्र्यासारखी उडाली. आता ते सिमेंट छिन्नीनं काढून सांध्यांत चुना भरायचा, ग्राइंडर लावला तर विटेच्या कडा जातात, त्यामुळं आमचा गवंडी दिवसभर टुकटुक टुकटुक.

"माझ्या बानं गुळाचं पाणी घालून चुना मळलेला," आण्णा म्हणाले, "आणि मी शाणा, वरनं सिमेंटचा गिलावा केला." मंगळवार पेठेतल्या आमच्या त्या घराला दर पावसाळ्यात लोणा लागतो आणि दर दिवाळीला आण्णा पुट्टी घेऊन बसतात, गल्लीला पाठ आहे.

"त्यो तुझा गवंडी दिसाला किती घेतो?"

मी रुपयात सांगितलं. बराच वेळ गप्प. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग आईला हाक, "अगं, माझी छिन्नी कुठं ठेवलीस?"