'खालसा झाले' म्हणजे कोणी केले?

सातारच्या राज्यावरच्या प्रदर्शनाचा एक फलक तपासायला आला होता. चार बाय तीन फुटांचा फलक, मजकूर 90 शब्दांचा. उभ्याने वाचणारा त्यापुढे वाचत नाही. त्यात हे वाक्य होतं: '1848 साली गादीला वारस न राहिल्याने सातारचे राज्य खालसा झाले.'

समितीचं म्हणणं, वाक्य निःपक्षपाती आहे, कुणाला दुखवत नाही, राहू द्या. मला तेच सगळ्यात एकतर्फी वाटलं, आजही वाटतं.

शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी दत्तक घेतला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मंजुरीशिवाय घेतलेल्या दत्तकाला गादी मिळणार नाही, ही भूमिका गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीची. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क राज्य खालसा करण्याच्या विरोधात होते. म्हणजे खुद्द कंपनीच्या कारभाऱ्यांत ज्यावर एकमत नव्हतं, ते आम्ही वस्तुस्थिती म्हणून छापणार होतो.

मग 'झाले'. पाऊस झाला, संध्याकाळ झाली, तसं राज्य खालसा झालं. हे क्रियापद बसलं की करणारा वाक्यातून निघून जातो. म्हणून मजकूर तपासताना आधी क्रियापदांखाली लाल रेघ मारायची आणि समासात लिहायचं: कोणी? कशावरून? तो कागद कोणी कोणाला लिहिला? तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात. वरच्याच ओळीत 1839 चं होतं: 'कट केल्यामुळे प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले.' कट केला हे म्हणणं कंपनीचं. आरोप कबूल करा, गादी राहील, असं त्यांना सांगण्यात आलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं. तिथे 'कटाचा आरोप ठेवून कंपनीने' एवढंच हवं.

समितीतल्या एका सदस्यांनी ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाशी पडताळून पाहायला सांगितलं. तो बाहेरचा, म्हणून तटस्थ. 1818 ते 1822 हाच माणूस साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी होता, राज्याचा कारभार त्याच्या हाताखाली चालायचा आणि त्याचा इतिहास 1826 साली आला. सातारकरांनी तरी त्याला बाहेरचा म्हणू नये.

दुसऱ्या एकाला 'कपटी इंग्रजांनी' हवं होतं. तेही काढलं. कपट मनातलं, त्याला कागद दाखवावा लागतो. दत्तक नामंजूर केल्याचा कागद आहे.

शेवटी वाक्य असं झालं: 'शहाजी महाराजांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचा याला विरोध होता.' 'खालसा' शब्द मात्र अजून खुपतो. मूळचा महसुलातला शब्द. सगळं प्रकरण सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखं वाटायला लागतं. पण वाचणाऱ्याला तोच कळतो, म्हणून ठेवला.

छपाईच्या आदल्या दिवशी शब्द जास्त भरले. क्लार्क काढा म्हणाले. मी राजवाड्याच्या बांधकामाचं वाक्य काढलं.