आमची वाटचाल: नियम ३१

साखर कारखान्यांसाठी ऊस वजनकाट्याचं आणि बिलांचं सॉफ्टवेअर करायला बसलो तेव्हा आम्ही तिघं होतो, सांगलीत एका गाळ्यात. बिलाचा एखादा नियम का आहे हे विचारायचं तर खुर्ची मागे वळवली की झालं. माणसं अकरा झाली आणि खुर्ची वळवून भागेना. मग विकी आलं, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं: प्रत्येक नियमाला क्रमांक, एक पान आणि त्यावर त्याचं कारण. डोकुविकी घेतलं, कारण त्याची पानं म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली. डेटाबेस लागत नाही, फोल्डर कॉपी केलं की बॅकअप झाला. कोड तपासायला गेरिट आधीपासून होतंच: एकाने केलेला बदल दुसऱ्याने पाहून मंजूर करायची जागा. दोन्ही एकाच सर्व्हरवर, पण एकाच वाड्यातल्या अबोला धरलेल्या भाऊबंदांसारखी.

ऐन गाळपात ते महागात पडलं. वाहतुकीच्या प्रत्येक खेपेची रक्कम आधी पूर्ण रुपयात करायची आणि मग पंधरवड्याची बेरीज घ्यायची, अशी एक ओळ होती. नवीन मुलाला वाटलं, शेवटी एकदाच पूर्णांक केला तर हिशेब जास्त अचूक. बरोबरच वाटतं ना? मलाही वाटलं, त्या बदलाला +२, म्हणजे गेरिटमधली पक्की मंजुरी, मीच दिला. पुढच्या पंधरवड्याला बिल रजिस्टर आणि बँक यादी जुळेना. एकेका वाहतूकदारामागे दोन-चार रुपयांचा फरक. ट्रॅक्टरवाले गेटवर, अकाउंट्सवाले फोनवर, आम्ही दोन रात्री जागे. त्या ओळीमागचं कारण विकीवर स्वच्छ लिहिलेलं होतं: त्या कारखान्यात बँक यादी खेपेच्या पावतीवरून होते आणि पावतीवर फक्त पूर्ण रुपये छापतात, वरचे पैसे नाहीत. कोड तपासताना तिकडे कोण बघतंय!

विकी आणि गेरिट जोडायचं ठरवलं आणि मी नको तेवढी हुशारी केली. गेरिट आपल्याकडच्या घडामोडी इतर प्रोग्रामना सतत सांगत राहतं. त्या ऐकून मर्ज झालेला, म्हणजे मुख्य कोडमध्ये गेलेला, प्रत्येक बदल विकीच्या पानावर सगळ्यात वर चिकटवणारी स्क्रिप्ट लिहिली. तीन आठवड्यांत पानं 'स्पेलिंग दुरुस्त', 'पुन्हा स्पेलिंग दुरुस्त' अशा ओळींनी भरली. खालचा नियम वाचायला स्क्रोल करून बोट दुखायचं. बंद केली. स्क्रिप्ट छान होती, हे मी अजूनही म्हणतो.

शेवटी काम झालं ते थोडक्या ओळींत. गेरिटच्या सेटिंगमध्ये कॉमेंटलिंक टाकली: कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबत लिहायच्या टिपणात, 'नियम-१२' दिसलं की त्याची विकीच्या पानाची लिंक होते. उलट्या बाजूने डोकुविकीच्या इंटरविकी फाइलमध्ये (बाहेरच्या साइटसाठी छोटी नावं ठरवायची फाइल) गेरिटचा पत्ता. पानावर बदलाचा नंबर लिहिला की तो थेट उघडतो. एका मुलीची लिंक काही केल्या होईना. पाहतो तर तिने आकडा मराठीत टाइप केलेला, आणि आमचा पॅटर्न फक्त इंग्रजी आकडे ओळखणारा! तोही सुधारला.

सोबत एक शिस्त आली: पैशाला हात लावणाऱ्या बदलावर नियम क्रमांक नसेल तर +२ नाही, मालकाचा बदल असला तरी. पहिले काही दिवस कुरकूर झाली, 'सर, एका ओळीसाठी?' म्हणून. आता तपासणारेच आधी लिंक उघडतात.

गेल्या आठवड्यात अशीच नियम-३१ ची लिंक कुणीतरी उघडली. पानावर एकच ओळ: 'कारण: साहेबांना विचारणे.' साहेब म्हणजे मी, आणि मला काही आठवत नाही. त्या कारखान्याचे तेव्हाचे मुख्य लेखापाल निवृत्त होऊन शेती बघतात. त्यांचा फोन संध्याकाळी सातनंतरच लागतो. तोवर तो बदल -१ वर, म्हणजे हरकतीवर, थांबलाय.