पावतीवरचे नाव

पागडीच्या, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन भाडेकरूचा हक्क घ्यायच्या खोलीचे कागद तपासायला आले की वकील म्हणून मी आधी दोनच गोष्टी पाहते: भाडेपावती कोणाच्या नावावर आहे आणि बेस्टच्या वीजबिलात गेल्या वर्षभरात किती युनिटे पडली आहेत. बिलात महिनोन्‌महिने शून्य दिसले तर खोली बंद होती असे धरून चालावे, कारण सबळ कारणावाचून सलग सहा महिने न वापरलेल्या खोलीचा ताबा मागण्याची मुभा १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला दिली आहे. घेणारे मात्र फरशी नवी आहे का आणि नळाला पाणी किती वाजता येते, हे पाहून बयाणा देऊन मोकळे होतात.

दोन वर्षांपूर्वीचे ते जोडपे तसे नव्हते. बाई दक्षिण मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका, सकाळच्या पाळीसाठी बदलापूरचे भाड्याचे घर पहाटे साडेचारला सोडणाऱ्या. दर अकरा महिन्यांनी वाढणाऱ्या भाड्याला कंटाळून त्यांनी गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावरची १८० चौरस फुटांची खोली शोधली होती. भाडे महिना १४२ रुपये. १९४७च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली आणि २००० सालापासून वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, तरी मूळ आकडाच इतका लहान की वाढून वाढून वाढणार किती! पागडी ४२ लाख, त्यातला तिसरा हिस्सा मालकाचा. ‘मॅडम, हे बेकायदा तर नाही ना?’ असे त्यांनी दबक्या आवाजात विचारले. १९९९च्या कायद्याच्या ५६व्या कलमाने पागडी घेण्या-देण्याला मान्यता देऊन इतकी वर्षे झाली, तरी लोक अजून तिच्याविषयी चोरीचा माल घेतल्यासारखे बोलतात. मी त्यांना एवढेच सांगितले की तुम्ही घर विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेत आहात, आणि तो देणाऱ्याकडे मुळात असला पाहिजे.

खोली देणाऱ्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला आणि सुतळीने बांधलेले पावत्यांचे गठ्ठे वर्षावार माझ्यापुढे मांडले. इतक्या व्यवस्थित ठेवलेल्या पावत्या मी मोठमोठ्या कंपन्यांकडेही पाहिलेल्या नाहीत. सगळ्या पावत्या त्यांच्या थोरल्या दिरांच्या नावावर होत्या आणि दीर तर १९९१ सालीच वारलेले. यात नवल काही नाही. जुन्या चाळींत भाडेकरू जातो, पावती मागे राहते. पण १९९४च्या गठ्ठ्यापासून प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात ‘हक्क अबाधित राखून’ असा जांभळा शिक्का होता, आणि छापील ‘भाडे’ या शब्दावर निळ्या शाईची आडवी रेघ मारून वर ‘नुकसानभरपाई’ असे लिहिलेले होते. याचा अर्थ मालकाने पैसे घेतले, पण या कुटुंबाला भाडेकरू म्हणून कधीच मानले नाही. एजंटने त्या पावत्या दहा वेळा हाताळल्या असतील. त्याला शिक्का दिसला होता, अर्थ लागला नव्हता.

मी आजींना विचारले, ‘दीर गेले तेव्हा या खोलीत त्यांच्याबरोबर कोण राहत होते?’ मृत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो, त्यामुळे सगळे या उत्तरावर अवलंबून होते. एजंटने घाईने ‘सगळे एकत्रच की!’ म्हटले. आजींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ‘नाही हो वकीलबाई, यांची नोकरी डोंबिवलीच्या कारखान्यात होती, आम्ही तिकडेच होतो. भाऊजी एकटेच असायचे. आम्ही त्र्याण्णव साली आलो.’ एजंट कपाळावर हात मारून म्हणाला, ‘आजी, एवढं सांगायची काय गरज होती?’

बरोबर राहणारे कोणी नसेल तर हक्क वारसांकडे जातो, आणि वारसांत एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. दीर अविवाहित होते, आई-वडील आधीच गेलेले, म्हणजे वारस आजींचे यजमान आणि त्यांच्या दोन बहिणी. यजमान २००९ साली गेले. एक नणंद सांगलीला होती, दुसरी वारली होती आणि तिची मुले इंदूरला. मी लेखी मत दिले की आधी या सर्वांची संमतीपत्रे घ्यावीत, मग मालकाकडून पावती आजींच्या नावावर करून घ्यावी आणि त्यानंतरच मालक, आजी व घेणारे असा तिघांचा करार करावा. चार महिने लागले असते. एरवी भाचे वर्षानुवर्षे फिरकत नाहीत, पण इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत होती, आणि तशा इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते असे कानावर गेले की त्यांना मामाची आठवण येऊ लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आजींना चार महिने परवडणारे नव्हते. जिना उतरवत नव्हता आणि तळेगावच्या भाचीने खोली तयार ठेवली होती. दोन आठवड्यांत दुसरे गिऱ्हाईक आले, त्याने कोणाला काही विचारले नाही, आणि मालकाच्या मेहताजींनी, म्हणजे हिशेब पाहणाऱ्या कारकुनाने, तीस वर्षे न बदललेले नाव एका दुपारी बदलून दिले. रेघ नाही, शिक्का नाही. साधी ‘भाडे’ असे छापलेली पावती. एजंटने ती मला मुद्दाम आणून दाखवली. आजवर कोणी दावा लावलेला नाही.

माझे मत कायद्याने चुकले होते असे मला आजही वाटत नाही, आणि तोच कागद पुन्हा आला तर मी तेच लिहीन. तरीही मेहताजींकडे आधी एक फेरी मारून ‘तुमचे धनी काय घेऊन हे मिटवतील?’ असे विचारायला हवे होते का, हा प्रश्न राहतो. तसे विचारणे मला कमीपणाचे वाटले होते, हे मी त्या जोडप्याला सांगितलेले नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या बदलापूरच्या घराचा अकरा महिन्यांचा नवा करार मीच करून दिला. भाडे पुन्हा वाढले होते. मी फी घेतली नाही, आणि का घेतली नाही हे त्यांनीही विचारले नाही.